बिऱ्हाड आणि पिवळी वही

मंगळवार, २ मे २००६. डॉर्सेट

ही डायरी कौन्सिलची आहे. डिसेंबरात रिटायर झाले त्या दिवशी स्टेशनरीच्या कपाटातून उचलली, आणि मला त्याची अजिबात खंत नाही. अठ्ठावीस वर्षं हाउसिंग ऑफिसच्या काउंटरमागे बसून लोकांचे फॉर्म तपासले, एक डायरी तर मला मिळायलाच हवी. चार महिने ती कोरीच होती. आज लिहायला बसले ती रागाने.

राजचा फोन आला. आमचं टपाल आता केंब्रिजला त्याच्या घरी जातं. हाउन्सलोच्या आमच्या जुन्या सर्जरीचं, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्याचं, पत्र त्याने मला फोनवर वाचून दाखवलं, आणि वाचताना त्याच्या आवाजात जरा जास्तच समाधान होतं. घर विकून आम्ही हद्दीबाहेर गेलो, म्हणून आमची नावं त्यांच्या यादीतून काढली आहेत. हद्दीबाहेर! म्हणजे तडीपारच केलं म्हणायचं.

"आई, मी सांगितलेला ना," राज म्हणाला. "नो अड्रेस, नो डॉक्टर. तुमचा व्हॅन काय हॉलिडेला ठीक आहे. पण बाबाचा गोळ्या कुठून आणणार?"

बाबाच्या गोळ्या हाच खरा मुद्दा आहे, म्हणून तो इथे नीट लिहून ठेवते. हे, म्हणजे पुरुषोत्तम, चौतीस वर्षं बसच्या गॅरेजमध्ये इंजिनं दुरुस्त करत होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या स्वतःच्या इंजिनाचा, म्हणजे हृदयाचा, ठेका चुकायला लागला. तेव्हापासून वॉरफरिन चालू आहे. रक्त पातळ ठेवणारं औषध, रोज संध्याकाळी सहाला. ठरावीक दिवसांनी रक्त तपासायचं आणि आलेला आकडा पिवळ्या वहीत लिहायचा. आकडा दोन ते तीनच्या मध्ये हवा. खाली गेला तर रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊ शकते. वर गेला तर रक्त वाहायचं थांबत नाही. एवढंच गणित आहे, पण चुकलं तर माणूस जातो.

मोटरहोमचं, म्हणजे चाकांवरच्या घराचं, वेड ह्यांचं. मार्चमध्ये घर विकलं, ही गाडी घेतली आणि मागच्या दारावर ह्यांनी स्वतः ब्रशने मराठीत लिहिलं: विंचू. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. ह्या शेतावर शेजारी थांबलेल्या व्हॅनमधल्या जोडप्याला मी अर्थ सांगितला, तर दोघंही दोन पावलं मागे सरकले.

राजशी ईस्टरला करार झाला आहे. पिवळ्या वहीतला आकडा लागोपाठ तीनदा चुकला, तर गाडी विकायची आणि त्याच्या घरामागच्या खोलीत राहायला जायचं. ती खोली मी पाहिली आहे. तिची खिडकी गॅरेजच्या भिंतीकडे उघडते. मी तिथे जाणार नाही.

मंगळवार, ९ मे

आज इथल्या सर्जरीत गेलो. रिसेप्शनवरच्या बाईने पत्ता विचारला. मी म्हटलं, "आज इथल्या शेतावर. पुढच्या महिन्यात सॉमरसेट."

"म्हणजे नो फिक्स्ड अड्रेस," ती म्हणाली, आणि पेन खाली ठेवलं.

पेन खाली ठेवायचं हे मीच अठ्ठावीस वर्षं करत होते. पेन खाली गेलं की समोरचा माणूस ओळखतो, काम होणार नाही. पण मी आता काचेच्या ह्या बाजूला आहे आणि त्या बाजूचं मला सगळं ठाऊक आहे. मी गोड हसून सांगितलं, "टेम्पररी रेसिडेंट. तीन महिन्यांपर्यंत. त्याचा वेगळा फॉर्म असतो, बहुतेक तुमच्या डाव्या हाताच्या खालच्या ड्रॉवरमध्ये."

फॉर्म तिथेच होता. हे मागे उभे राहून खोकल्यासारखं करत हसत होते.

नर्सने रक्त घेतलं. आकडा २.४. आता बोल म्हणावं राजला, नो अड्रेस नो डॉक्टर म्हणणाऱ्याला.

मंगळवार, ३० मे

सोमवारच्या बँक हॉलिडेने घात केला. प्रिस्क्रिप्शन शुक्रवारी तयार होणार होतं, झालं नाही. मग तीन दिवस सर्जरी बंद. डब्यात गोळ्या उरल्या दोन दिवसांच्या. गावात एकच केमिस्ट उघडा सापडला. त्याच्यासमोर पिवळी वही, रिकामी पाकिटं आणि ह्यांना, अशा तिन्ही वस्तू उभ्या केल्या. त्याने वही वाचली, ह्यांना चार प्रश्न विचारले आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. भला माणूस. पण मी केवढी घाबरले होते ते ह्यांना कळू दिलं नाही. आजपासून नियम: दोन आठवड्यांचा साठा असल्याशिवाय विंचू जागचा हलणार नाही.

सोमवार, १२ जून. सॉमरसेट

चाकवत!

बटाट्याच्या शेताच्या कडेने चालत होते. पायाशी पाहिलं तर पानांवर पिठूळ पांढरं, शेंड्याला जरा जांभळट झाक. मी खाली बसले. बोटांत पान चुरगळून वास घेतला. तोच. सातारला आमच्या परसात, आई गवारीच्या आळ्यात वाढलेला उपटायची, तोच. ह्या देशात आल्यापासून हाउन्सलोच्या दुकानांत मेथी मिळाली, अळू मिळालं, एकदा अंबाडीसुद्धा मिळाली. चाकवत कधी दिसला नव्हता. आणि इथे तो बांधावर फुकट उभा आहे, नि शेतकरी त्याला तण म्हणून उपटून टाकतो.

पिशवीभर तोडला. हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे भिजवलेले नव्हते, तरी धीर धरवला नाही. ताकातला चाकवत केला, वरून लसणीची फोडणी. गाडीत असा वास सुटला की शेजारची बाई विचारायला आली. हे दोन वाट्या जेवले.

सोमवार, २६ जून

आकडा १.७.

दोनच्या खाली. पहिल्यांदाच. नर्स बरी होती, तरुण, पण प्रश्न छापील. तिने कागदावर बघत विचारले आणि मी पटापट उत्तरं दिली. दारू? महिन्यातून एक बिअर. नवीन औषध? नाही. गोळी चुकली? कधीच नाही, मी स्वतः सहाच्या ठोक्याला देते. खाण्यात बदल? पालक, ब्रोकोली, केल, स्प्राउट्स?

"ह्यातलं काहीसुद्धा आमच्या गाडीत येत नाही," मी सांगितलं. खरंच आहे ते. पालक ह्यांना बिलकूल आवडत नाही, आणि ब्रोकोलीचा वास मला सोसत नाही.

तिने गोळी वाढवली. मला खात्री आहे, त्यांचं मशीन बिघडलं असणार. डॉर्सेटमध्ये २.४ आणि इथे १.७, रक्त काय काउंटी बदलली की बदलतं?

राजला सांगितलं. करार म्हणजे करार. तो म्हणाला, "वन."

सोमवार, ३ जुलै

डाळ-दाण्यांसकट गरगटं केलं. परवा पराठे केले होते, त्याआधी पुन्हा ताकातला. घरी होतो तेव्हा आठवड्यातून एकदा मेथी, बस. इथे तर एक दिवसाआड ताजी पालेभाजी! रस्त्यावर राहून माणसं पाव-बीन्स खाऊन आजारी पडतात, असं राज म्हणायचा. येऊन बघ म्हणावं.

आज ताट वाढलं तेव्हा हे म्हणाले, "आज पुन्हा?"

मी म्हटलं, "हो, पुन्हा! पोटभर खा." खाल्लंही त्यांनी. माणसाला आवडीचं मिळालं की औषधाचं अर्धं काम होतं.

सोमवार, १० जुलै. हेरफर्डशायर

नवीन काउंटी, नवीन सर्जरी, नवीन फॉर्म. मला आता तो तोंडपाठ आहे. नवीन नर्स, वयाने माझ्याएवढी, वेल्श वळणाचं बोलणं. प्रश्न तेच. पालक? नाही. ब्रोकोली? नाही. केल? नाही.

आकडा १.५.

मी भांडले. गोळ्यांचं पाकीट दाखवलं. ह्या वेळी दुसऱ्या कंपनीच्या आहेत, खोकंही वेगळं. ह्या गोळ्यांत दम नसणार, मी म्हटलं. नर्सने शांतपणे सांगितलं की औषध तेच आहे. काउंटरच्या आतली माणसं असं शांतपणे सांगतात तेव्हा त्यांनी ऐकलेलं नसतं. मला माहीत आहे, मी शांतपणे सांगण्यात पटाईत होते.

गोळी पुन्हा वाढवली. राज म्हणाला, "टू. आई, प्लीज. हे काय गेम नाही आहे."

मी म्हटलं, गेम तू सुरू केलास. आणि फोन ठेवला.

शेताची मालकीण मिसेस प्रॉबर्ट भली आहे. तिच्या शेताच्या कडेला तर चाकवताचं रान माजलं आहे. आता रोज करते. ताकद यायला हवी ना.

बुधवार, १९ जुलै

रेडिओवर सांगतात, इतका गरम जुलै ह्या देशात कधी झाला नाही. गाडीचा पत्रा तापून तवा झाला आहे.

सकाळी चहा पिताना ह्यांच्या डाव्या हातातून कप पडला. मी म्हटलं, "अहो, लक्ष कुठंय?" ते काहीतरी म्हणाले, पण शब्द नीट आले नाहीत, तोंडात गोळा असल्यासारखे आले. ओठाची एक बाजू जराशी खाली. दहा मिनिटं. मग सगळं ठीक. कप त्यांनीच उचलला, त्याच हाताने. हसले. म्हणाले, "ऊन गं. राजला सांगू नकोस."

ऊनच. लिंबाचं सरबत दिलं, खुर्ची सावलीत ओढली. दुपारी थंड म्हणून ताकातला चाकवत दिला.

काय असू शकतं ते मला ठाऊक आहे. तो शब्द मी ह्या पानावर लिहिणार नाही.

गुरुवार, २० जुलै

लिहिते. स्ट्रोक. छोटा, येऊन गेलेला.

काल संध्याकाळी गोळी देताना त्यांचा हात हातात घेतला आणि माझ्याच्याने राहवलं नाही. आज सकाळी सर्जरी उघडायच्या आधी दारात उभी होते. डॉक्टरांनी ऐकताच हॉस्पिटलला पाठवलं. दिवसभर तिथे होतो. स्कॅन झाला. मेंदूत कायमचं काही बिघडलेलं नाही. पण डॉक्टर म्हणाले, हा इशारा आहे, आणि दर वेळी इशारा देऊनच येईल असं नाही. कालच का आणलं नाही, असं त्यांनी विचारलं. मी पिवळी वही पुढे केली.

आकडा १.४.

महिनाभर गाडी चालवायची नाही. ह्यांनी किल्ली खिशातून काढून माझ्या हातात ठेवली.

निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "एवढा डोस असून आकडा खाली आहे. ते गोळ्या खरंच घेतात याची खात्री आहे तुम्हाला? काही पेशंट गालात धरून ठेवतात."

मी फाडकन म्हटलं, "माझा नवरा तसला नाही."

राजला फोन केला. त्याने "थ्री" म्हटलं नाही. रडायला लागला. सहा ऑगस्टला येतो म्हणाला, गाडी तोच केंब्रिजला नेणार.

शुक्रवार, २८ जुलै

डॉक्टरांनी पेरलेलं बी उगवलं. आठ दिवस मी ह्यांच्याकडे चोरासारखी बघते आहे. हे पाण्याचा पेला घेऊन बाहेर गेले की मी खिडकीशी. उशीखाली पाहिलं. कचऱ्याचा डबा उपसला. काही मिळालं नाही, म्हणून संशय अजूनच वाढला. मशीन बरोबर, गोळ्या बरोबर, मी बरोबर, मग उरलं कोण?

आज सहा वाजता गोळी दिली आणि म्हटलं, "तोंड उघडा."

"काय?"

"उघडा म्हणते ना. जीभ वर करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अडतीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं. मग तोंड उघडलं, जीभ वर केली, डावीकडे, उजवीकडे. नंतर गाडीच्या पायऱ्यांवर जाऊन बसले आणि खूप वेळ पाठमोरेच होते.

त्यांच्या जिवासाठीच करते आहे मी. तरी लाज वाटते ती वाटतेच.

गुरुवार, ३ ऑगस्ट

दुपारी चाकवत तोडत होते. मिसेस प्रॉबर्ट कोंबड्यांना दाणे टाकायला आली. माझी पिशवी बघून हसली.

"तुम्ही फॅट हेन खाता? आम्ही कोंबड्यांना घालतो. आमची आजी मात्र लढाईच्या दिवसांत शिजवायची. वाइल्ड स्पिनच म्हणायची त्याला."

मी म्हटलं, "काय म्हणायची?"

"वाइल्ड स्पिनच. रानातला पालक. एकाच कुळातले ते."

पिशवी हातातून सुटली.

पालक? नाही. दोन सर्जऱ्यांत, दोन वेळा, छाती पुढे काढून: पालक? नाही. चाकवत खाता का, असं इंग्लंडच्या कुठल्या कागदावर छापलं असणार! हिरव्या पाल्याने ह्या औषधाचा जोर उतरतो, म्हणून तर ते पालक विचारतात. मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. १२ जूनला पहिल्यांदा तोडला. आत्ता मागची पानं उलटून पाहिली. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. दोन वाट्या, १.७. एक दिवसाआड, १.५. रोज, १.४. स्ट्रोक आल्याच्या दुपारीसुद्धा, थंड म्हणून.

मशीन बिघडलं नव्हतं. गोळ्यांत दम होता. हे गालात काही धरून ठेवत नव्हते. मी स्वतःच्या हाताने वाढत होते, वर लसणीची फोडणी घालून.

शुक्रवार, ४ ऑगस्ट

सगळ्यांत आधी ह्यांना सांगितलं. पायऱ्यांवर शेजारी बसले आणि सगळं सांगितलं, जीभ वर करायला लावल्याची माफी मागितली. अडतीस वर्षांत मागितलेली पहिली, असं ते म्हणाले. ते खोटं आहे, १९८३ सालीही एकदा मागितली होती.

मग सर्जरीत फोन केला आणि त्या वेल्श नर्सलाच द्या म्हटलं. माझा बेत पक्का होता: पिशवी मिसेस प्रॉबर्टच्या कोंबड्यांना आणि चाकवत जन्मात पुन्हा नाही. नर्स ओरडलीच. "अजिबात एकदम बंद करू नका! ही पालेभाजी चालू असतानाच त्यांचा डोस वाढवलाय. भाजी थांबली की आकडा वर उडेल. आत्ता घेऊन या त्यांना."

गेलो. मिसेस प्रॉबर्टने तिच्या लँडरोव्हरमधून सोडलं. नर्सने एक फांदी मागून घेतली, उलटीसुलटी करून पाहिली. म्हणाली, पालेभाजी खायला बंदी नाही. दर आठवड्याला सारखीच खायची, एवढंच. हळूहळू कमी करायची, डोसही हळूहळू खाली, दर तीन दिवसांनी तपासणी. मग म्हणाली, "प्रश्न आम्ही पुरा विचारला नाही, मिसेस खासनीस."

तिचा मोठेपणा. पण मला माझं काउंटर आठवत होतं. माणसं घर मागायला यायची, मी फॉर्मवरचं विचारायचे, ती तेवढंच सांगायची. आणि महिन्याभराने काही उलटं झालं की मी त्यांना सुनावायचे, "हे आधी का नाही सांगितलंत?" किती जणांना सुनावलं असेल मी.

रविवार, ६ ऑगस्ट

राज आला. हेरफर्डपर्यंत ट्रेन, पुढे टॅक्सी. आल्याआल्या वडिलांना मिठी मारली आणि सोडेचना. मग माझ्याकडे वळला. "आई, बॅग्ज पॅक आहे?"

मी त्याला चहा दिला आणि सगळं सांगितलं. चाकवत, पालक, नर्सला दोन्ही वेळा दिलेलं 'नाही'. काही लपवलं नाही. न सांगता गप्प राहिले असते तर त्याला कधी कळलंही नसतं, पण त्या खेळात मी आता कच्ची झाले आहे.

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "सो इट वॉज यू."

"हो. मीच."

"मग तर अजून जास्त! आई, तू बाबाला ऑलमोस्ट मारला. आणि डील इज डील. तीन वेळा."

"करार हरले, कबूल. पण चूक गाडीची होती का? तुझ्या घरामागच्या खोलीत राहिले असते आणि तुझ्या बागेत चाकवत उगवला असता, तर तिथेही हेच केलं असतं मी. पत्ता असून काय झालं असतं? एकच सर्जरी, एकच नर्स, आणि तिच्या कागदावर तोच पालक!"

"एकच नर्स असती तर तिला पॅटर्न दिसला असता," राज म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. पोरगं हुशार आहे, कोणाचं आहे शेवटी.

तेवढ्यात हे बोलले. तोपर्यंत कोपऱ्यात बसून आपल्या नखांकडे बघत होते.

"राज, रक्त माझं आहे. करार तुम्ही दोघांनी केला, मला कोणी विचारलं नाही. डॉक्टरांनी विचारलं तेसुद्धा तुझ्या आईला, मी गोळ्या घेतो का म्हणून. मी चार पावलांवरच बसलो होतो." आवाज चढला नाही, पण राज उभा होता तो खाली बसला. "आता मी सांगतो. सप्टेंबरपर्यंत इथेच, ह्याच शेतावर. एकच सर्जरी, एकच नर्स. आकडा जागेवर आला तर पुढे जाऊ. नाही आला तर मी स्वतः तुझ्या खोलीत येईन, कोणी ओढून न्यायला नको."

"आणि इमर्जन्सी आली तर? तुम्हाला ड्राइव्ह नाही करायचा."

मी खिशातून किल्ली काढली. "माझ्याकडे आहे ना लायसन्स. १९७९ पासून. फक्त ह्या धुडाला हात लावला नव्हता."

राजने कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "ओके. कम. दाखव मला." मिसेस प्रॉबर्टच्या मोकळ्या शेतात त्याने मला दोन तास शिकवलं. एक फाटक जरासं वाकलं. हे टाळ्या वाजवत होते, फाटकाच्या वेळीसुद्धा.

मंगळवार, ५ सप्टेंबर

२.३. त्याआधी २.१, त्याआधी २.६. लागोपाठ तीन.

नर्सने पिवळ्या वहीत आकडा लिहिला. मी म्हटलं, पेन जरा इकडे द्या. आकड्याशेजारी मोकळी जागा होती, तिथे मी मराठीत लिहिलं: चाकवत, बुधवारी, एक वाटी. तिने विचारलं, हे काय? वाचून दाखवलं. तिने खाली इंग्रजीत लिहिलं, म्हणजे पुढच्या गावच्या नर्सलाही कळेल.

राजला फोन केला. म्हणाला, "थ्री." आणि हसला. मग म्हणाला, "आई, पुढचा सर्जरीत मात्र सगळं सांग. नाही विचारला तरी."

संध्याकाळी सहाची गोळी दिली. ह्यांनी गिळली आणि आपणहून तोंड उघडून दाखवलं, वात्रट माणूस. मी म्हटलं, "उद्या बुधवार. उद्या चाकवत. आता सुखाने खा."

हे पेला विसळून आले. मग म्हणाले, "सुप्रभा, रागावणार नसशील तर एक सांगू? मला चाकवत आवडत नाही."

"काय?"

"कधीच आवडला नाही. बुळबुळीत लागतो."

"अहो, मग दीड-दोन महिने वाट्या भरभरून खात होतात ते?"

"तू बांधावर वाकून तोडत होतीस आणि गुणगुणत होतीस. हाउन्सलोचं घर सोडल्यापासून पहिल्यांदा. मला वाटायचं, मीच तुला त्या घरातून ओढून आणलं. म्हटलं, हिला इथे काहीतरी मिळालंय, तर आपण का तोंड वाकडं करा."

मी काय लिहू? ह्यांना गाडी हवी म्हणून मी काउंटरा-काउंटरावर भांडत होते, आणि मला भाजी हवी म्हणून हे मुकाट्याने खात होते. पालक खाता का, एवढं तरी नर्सने विचारलं. आम्ही एकमेकांना तेवढंही विचारलं नाही. मी खूप रडले. मग हसूही आलं. ह्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. डावा, घट्ट.

"मग काय करू उद्या?" मी विचारलं.

"मेथी मिळेल का गं कुठे?"

हेरफर्डशायरच्या शेतात मेथी! बर्मिंगहॅमला नक्की मिळेल. दीड तासावर असेल, माझ्या वेगाने अडीच. ह्यांची गाडीवरची बंदी दोन आठवड्यांपूर्वीच उठली आहे, पण किल्ली अजून माझ्याच खिशात आहे आणि तिथेच राहणार. उद्या सकाळी आधी नर्सला फोन करून सांगते, चाकवताच्या जागी मेथी, एकच वाटी. तिने विचारलेलं नाही. तरी सांगते. मग विंचू काढते.